डाव्या बुटाचे मोती

४ फेब्रुवारी

नाही म्हणायचं ठरवलं होतं. बारकी समोर येऊन बसली आणि मी हो म्हणून मोकळी झाले! नव्या पांढऱ्या स्नीकर्सचा खोका मांडीवर ठेवून म्हणाली, "ताई, लग्नात हेच घालणार. तू मोती लाव." लोकांच्या नवरीमुलींचे बूट सजवण्यावर माझं पोट चालतं, आणि सख्ख्या बहिणीचे हातात घेताना मला घाम फुटला.

उंच टाचांचं तिला जमत नाही. डाव्या पायाला पोटरीपर्यंत प्लास्टिकचा पट्टा असतो, तो फक्त बुटातच मावतो. त्या पावलाला काही कळत नाही — चटका नाही, काटा नाही. अपघाताला दीड वर्ष झालं.

स्कूटर मी चालवत होते.

७ फेब्रुवारी

मागे अक्षरं हवीत म्हणे, मोत्यांची. डाव्या टाचेवर 'थांब', उजव्या टाचेवर 'आलेच'. तिचा होणारा नवरा घड्याळं दुरुस्त करतो, आणि चालतो मात्र गाडी सुटत असल्यासारखा! तो पुढे जातो, ही मागून ओरडते — थांब, आलेच. मी म्हटलं, अगं, तो पुढे असणार, तुझ्या टाचा त्याला दिसणार कशा? तर म्हणते, "त्या दिवशी मी पुढे चालणार."

खूप हसली. मीही हसले. मग चहाच्या निमित्ताने आत जाऊन रडून घेतलं.

९ फेब्रुवारी

उजवा झाला. डाव्याला अजून हात लावला नाही.

११ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे बरोबर गेले. ते तळव्याला टाचणी टेकवत होते आणि बारकी डोळे मिटून सांगत होती — नाही, नाही, नाही. अंगठ्यालाही नाही. "यायचं ते एव्हाना यायला हवं होतं," म्हणाले. "आता फार आशा धरू नका." आणि वर बजावलं, जपा — काही लागलं तर हिला कळणार नाही, आत चिघळेल, बोटावर बेतेल.

येताना तिने आइसक्रीम घेतलं. मला पहिला घास भरवला. 

१५ फेब्रुवारी

आईशी वाजलं. डाव्या बुटाचं 'थांब' झालं होतं, मी अंगठ्यापाशी मोती शिवत बसले होते. आई दारातून म्हणाली, "मोती काय लावतेस? तिचा पाय दे परत." सहज म्हणाली की मुद्दाम, देव जाणे. मी ताडकन उठले आणि सगळं तिथेच टाकून बाहेर चालती झाले.

१६ फेब्रुवारी

माझ्या सुया साबणाच्या वडीत खोचलेल्या असतात. सकाळी मोजून काढायच्या, संध्याकाळी मोजून परत खोचायच्या. एखादी तुटली तर दोन्ही तुकडे मिळेपर्यंत उठायचं नाही. अकरा वर्षांत कधी चुकले नाही. काल मोजल्याच नाहीत!

आज बघते तर एका सुईला टोक नाही. लादी झाडली, चटई झटकली. बुटावर लोहचुंबक फिरवलं, तर ते लेसच्या कड्यांनाच चिकटतंय. मापं आमची एकच, म्हणून शेवटी बूट स्वतः घातला आणि घरभर फिरले. काही टोचलं नाही. आत नसेलच.

१७ फेब्रुवारी

नसेलच.

१८ फेब्रुवारी

बूट दिले. बारकी ते उशाशी ठेवून झोपली, लहानपणी नवं दप्तर ठेवायची तशी. मी तोंड उघडलं नाही. सांगितलं असतं तर सगळं उसवावं लागलं असतं, आणि आई म्हणाली असती — पुन्हा तूच! एवढ्यासाठी गप्प बसले. लाज वाटते लिहायला.

२० फेब्रुवारी, सकाळ

लग्न आज. दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. ती केस विंचरत होती, मी बूट मागितला आणि सगळं सांगून टाकलं. म्हणाली, "मग उसव ना. रडतेस काय?"

तीन दिवसांचं काम ब्लेडने तासाभरात उतरवलं, अस्तर फाडलं. होतं! अंगठ्याखालच्या स्पंजात, उभं. दिवसभर चालली असती तर वर आलं असतं, आणि तिला पत्ताही लागला नसता. मी ते टोक तिच्या हातावर ठेवलं. म्हटलं, आधीचंही माझ्याच हातून झालं गं, स्कूटर मीच चालवत होते. दीड वर्षात पहिल्यांदा हे तोंडातून निघालं.

"मला माहीत आहे कोण चालवत होतं," ती म्हणाली, "मी मागेच बसले होते ना!"

मग माझं नाक स्वतःच्या रुमालाने पुसलं. अस्तर मी घाईघाईत टाचून दिलं. डावा बूट आता कोरा, मोती नाहीत, अक्षरं नाहीत. तसाच घालून गेली.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

लागलं लग्न. पाहुणे पांगल्यावर बारकी माझ्या शेजारी येऊन टेकली. "ताई, लेस सैल कर गं. अंगठा दुखतोय."

मी उजव्या बुटाकडे हात नेला.

"तो नाही," म्हणाली. आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.