गाठीचा तुकडा

म्हैसूर, फाल्गुन शु. ५, शके १८३३

चिरंजीव बिंदुमाधव यास अज्जीचे आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे खुशाल. तुझी खुशाली कळत नाही. नकाशे काढून पत्राला हात उरत नसतील.

बेंगळुरात बसून तू आमच्या केरेच्या तळ्याकाठी बाग काढलीस म्हणे. नागोजीकाका कचेरीत जाऊन नकाशा बघून आला. झाडं आहेत, बाकं आहेत, बँडवाल्यांना चौथरा आहे. रंगाऱ्यांचा घाट तेवढा नाही. तिथं तू कुंपण ओढलंस. सहा घरं त्या घाटावर कापड धुतात. तुझी दुपटीसुद्धा तिथंच धुतली, मेल्या.

बदल्यात तुझ्या साहेबानं गल्लीमागं बावी खणून दिलीय. तिचं पाणी प्यायला ठीक. आपला तांबडा पक्का होतो तो केरेच्या पाण्यानं, असं तुझे आजोबा सांगत. सोबत दोन तुकडे धाडलेत, एक केरेत धुतलेला, एक बावीत. आज दोन्ही सारखेच दिसतात. एकाला सुताची गाठ आहे. ती कुठल्याला ते लिहीत नाही, नाहीतर अज्जीसाठी लबाडी करशील. सात वेळा रिठ्यानं धू आणि साहेबापुढं ठेव. टिकेल तोच केरेचा. मग कुंपण वाकवायला सांग.

नुसत्या कॉफीवर राहू नकोस. रागावले असले तरी तुझीच,
अंबुबाई

बेंगळूर, ४ मार्च १९१२

तीर्थस्वरूप अज्जीच्या पायी बिंदूचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुकडे सात वेळा धुतले. माझी बोटं सुरकुतली. घरमालकीण विचारते, हा धंदा कधीपासून? गाठीचा तुकडा कुंकवासारखा राहिला, दुसरा जुन्या कौलासारखा विटला. साहेबांनी दोन्ही उजेडात धरले आणि म्हणाले, केरेच्या पाण्यात इतका गुण असेल तर घाट राहू दे. कुंपण आत घेतोय. अज्जी, तू जिंकलीस! आता तरी राग सोड आणि पूर्वीसारखी माया कर.
तुझा बिंदू

म्हैसूर, फाल्गुन वद्य ६

चि. बिंदूस आशीर्वाद. तुझं पत्र नागोजीनं मोठ्यानं वाचलं. गल्ली नाचली. मी आत जाऊन बसले.

गाठ बावीच्या तुकड्याला होती. मीच मारलेली.

नागोजी म्हणाला, गप्प बस, आई, कुणाला कळतंय. दोन दिवस बसले गप्प. अन्न गोड लागेना. कच्चा रंग पक्का म्हणून या घरानं कधी विकला नाही. आता साहेबाला विकू? तुझे आजोबा चुकले. तेव्हा बावी नव्हती, त्यांना तरी काय ठाऊक. नागोजी माझ्याशी बोलत नाही. बोलेल, भूक लागली की.

साहेबाला खरं सांग. आम्ही बावीवर जातो. फक्त आमच्या गल्लीच्या बाजूनं बागेला एक दार ठेव. बायकांना केरेची ओटी भरायला मोठ्या फाटकापर्यंत वळसा नको. माझे गुडघे गेलेत, हेही लिही.
जीव लावणारी,
अज्जी

बेंगळूर, १२ मार्च १९१२

ती. अज्जीस नमस्कार. साहेबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते हसले. असं पत्र कचेरीत आजवर आलं नाही, म्हणाले. दार मंजूर. नकाशात मी ते तांबड्या शाईनं काढलंय. माझ्यावर रुसू नकोस.
बिंदू

म्हैसूर, मार्गशीर्ष शु. १, शके १८३४

चि. बिंदूस आशीर्वाद. वि. वि. काल तुझ्या बागेत जाऊन आले. दार बुटकं केलंयस, डोकं आपटलं. हिरवळीवर बसले तर पहारेकरी कानडीत ओरडला, अज्जी, गवतावर बसायचं नाही. मी म्हटलं, चाळीस वर्षं इथं ओलं कापड पसरून दिवसभर पाणी शिंपडलं, हे गवत मी वाढवलंय, तू कधी आलास? तो पलीकडची झाडं बघायला गेला.

घाटाचे दगड तसेच ठेवलेस. त्यांवर पोरी शेंगा खात बसतात. बरं केलंस.

नेसले होते ते लुगडं नागोजीनं रंगवून बावीत धुतलेलं. काय तांबडं आलंय! केरेच्या पाण्यात असं एकदाही उठलं नव्हतं. नागोजी बोलायला लागलाय, पण हे त्याला कळवू नकोस. फार चढेल.

तुला त्यातलंच एक उपरणं ठेवलंय. टपालानं धाडणार नाही. येऊन घेऊन जा.
तुझी अज्जी