मिठाचा डबा आता त्यांच्याकडे

घरच्या मुख्य स्वयंपाकीणबाईंस,
सप्रेम नमस्कार.

मी मजेत आहे. दाढ काढली, पण काळजी करू नकोस, नीट जेवतो. नोकरीही शाबूत आहे. हे मुद्दाम का सांगतोय, ते ऐक.

हॉटेलात मुख्य आचारी झाल्यापासून प्रत्येक पातेल्यात मीठ मीच घालायचो. हाताखालच्यांवर भरवसा नव्हता. शेवटी त्यांनी मिठाला हात लावणंच सोडलं.

दाढ काढली त्या दिवशी मी उशिरा पोचलो. त्यांनी बिचाऱ्यांनी मीठ घालून सगळा स्वयंपाक तयार ठेवला होता. माझं तोंड बधिर, चव कळेना, पण सवय जाईना. सगळ्या पातेल्यांत मी पुन्हा मीठ घातलं. कुणी अडवलं नाही, कारण विचारल्याशिवाय बोलायचं नाही हा माझाच नियम.

गिऱ्हाइकं जेवली कमी, पाणीच जास्त प्यायली. मालकांनी मला आत बोलावलं. ते जाऊ दे.

आता मिठाचा डबा रस्सा करणाऱ्या बाईंकडे असतो. "साहेब, चव बघा, पण हात मागे ठेवा," असं त्या मलाच बजावतात. स्वयंपाक उत्तम होतो. त्याचंच जरा वाईट वाटतं.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला औषध देताना... राहू दे, तुला कळतं.

एक विचारायचं होतं. घरी तुझ्या प्रत्येक भाजीत मी मागून चिमूटभर मीठ टाकायचो, तरी भाजी कधी खारट झाली नाही. तू आधीच कमी घालायचीस ना?

इतकी वर्षं मी ती माझ्या हाताची चव समजत होतो.

तुझाच,
हात मागे बांधून उभा असलेला