दोरीवरचा पांढरा टॉवेल

मी, धक्क्याजवळच्या शेडमधला होडीच्या इंजिनांचा मिस्त्री, ज्याला सगळे ‘कानसेन’ म्हणतात, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. हात, डोळे आणि जीभ चालू आहेत. कानांचं काय ते कलम पाचमध्ये येईल. पहिल्याच ओळीत ते लिहायची मला लाज वाटते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एखादं निघालंच, तर ते मेहुण्याने केलेलं असेल. ते खोटं समजावं.

कलम १. राहतं घर पत्नीला. त्यात मागचा नळ आणि धुण्याची दोरी बांधायचे दोन खांबही आले. खांब मुद्दाम लिहिले आहेत.

कलम २. बँकेत असेल ती शिल्लक पत्नीला. तिने ती स्वतःवर खर्च करावी. तिला ती सवय नाही, म्हणून लिहून ठेवतो.

कलम ३. मोठा व्हाइस, म्हणजे लोखंड आवळून धरायचा शिकंजा, मेहुण्याने ‘दोन दिवसांसाठी’ नेला. तेव्हा त्याचा मुलगा रांगत होता, आता त्याला मिशा आहेत. मेहुण्याने तो आधी परत आणावा, मग त्यालाच बक्षीस द्यावा. क्रम बदलू नये.

कलम ४. शेड, हत्यारं आणि भिंतीवर टांगलेले इंजिनांचे सगळे पंखे पत्नीला. मुलाला यातलं काही नाही. साधा पानासुद्धा नाही. (हे कलम पुढे बदललं आहे.)

कलम ५. कारण सांगतो. उथळ पाण्यातल्या इंजिनाला पंखा निवडून देणं हे आमचं मुख्य काम. इथे पाणी गुडघाभर, खाली चिखल आणि मध्ये गवत. दोन पात्यांचा पंखा गवतातून सुटतो, तीन पात्यांचा ओझं ओढतो, आणि पात्याला पीळ किती हवा तो हिशेब निराळा. रिकाम्या होडीला कुठलाही पंखा चालतो. म्हणून होडी भरायची, चिखलात घालायची आणि इंजिन ऐकायचं. पंखा जड पडला तर ते कुंथतं. हलका पडला तर नुसतं किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. नेमका बसला की एका सुरात बोलतं. मला ते काठावरून कळायचं, म्हणून लोकांनी मला कानसेन केलं.

त्याच इंजिनांनी माझे कान खाल्ले. आता पायाखालची फळी थरथरते तेवढं कळतं, सूर कळत नाही. हे फक्त पत्नीला माहीत आहे. पंख्याची चाचणी असली की ती इंजिन ऐकत मागच्या दोरीवर धुणं वाळत घालते. लाल टॉवेल म्हणजे पंखा जड, निळा म्हणजे हलका, पांढरा म्हणजे बरोबर. गिऱ्हाईक माझ्या कानांचं कौतुक करत घरी जातं. एकाने विचारलं होतं, “वहिनींना यातलं काही कळतं का हो?” मी म्हणालो, “तिला धुणं पुरे आहे.” ती हसली होती. मला ते हसू अजून टोचतं.

यंदा माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीवाल्याने नवं इंजिन आणलं. त्या दिवशी ही तापाने आत पडली होती. मला ते माहीत होतं, तरी सवयीने दोरीकडे पाहिलं. पांढरं काहीतरी फडफडत होतं. वाटलं, तशीच उठून आली असेल. ती तशी उठतेच. मी पंखा पक्का केला. ती शेजारच्या शिंप्याच्या घरची चादर होती. त्यांची दोरी तुटली म्हणून आमच्या दोरीवर टाकलेली.

दुसऱ्याच ओहोटीला माणसांनी भरलेली ती होडी चिखलाच्या मधोमध बंद पडली. इंजिन कुंथून कुंथून तापलं होतं. शाळेतल्या म्हाताऱ्या बाई मांडीभर चिखल तुडवत काठाला लागल्या. सगळे तणतणत शेडवर आले. तेव्हा ही पांघरूण गुंडाळून बाहेर आली आणि म्हणाली, “पंखा मीच काढून दिला. नंबर बघताना चुकले. त्यांचा काही दोष नाही.”

मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, “आई, लुडबुड करू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं? उद्यापासून शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही!”

ओठांवरून मला निम्मं कळतं, निम्मं निसटतं. त्या दिवशी एक शब्द निसटला नाही. तरी मी खरं न सांगता हातातला पाना पुसत राहिलो. तेव्हापासून ती शेडमध्ये येत नाही, आणि मी गिऱ्हाइकांना “इंजिन ठेवून जा, नंतर बघू” असं सांगतो. मला माझी लाज वाटते. म्हणून शेड तिची.

वकीलसाहेबांनी शेवटी नेहमीचं वाक्य घातलं होतं: ‘मजकूर मला वाचून दाखवला व तो मी ऐकला.’ ते मी खोडायला लावलं. इथपर्यंतचा मजकूर पत्नीने मोठ्याने वाचला, कारण तिचेच ओठ मला पुरते कळतात. मुलगा, होडीवाला आणि शिंपी समोर होते. मृत्युपत्राचं पाकीट माझ्यामागे उघडावं असं आधी ठरवलं होतं. मेलेल्या माणसाला कोणी जाब विचारत नाही. पण तो पळपुटेपणा झाला असता.

तिने सगळं न थांबता वाचलं. मुलाची मान खाली गेली. मग ती आत गेली, लाल टॉवेल घेऊन आली आणि दारातल्या खिळ्याला अडकवला.

“अहो, कलम चार जड झालं,” ती म्हणाली. “त्याला कुठे काय माहीत होतं? आपणच लपवलं ना?”

म्हणून कलम ४ असं वाचावं: शेड पत्नीची. मुलाने तिच्या हाताखाली पंखा निवडायला शिकावं आणि ती म्हणेल तेव्हा भागीदार व्हावं. मधल्या काळात धुणं त्याने वाळत घालावं.

मुलाने तिला काहीतरी विचारलं. त्याची पाठ माझ्याकडे होती. तिचं उत्तर मात्र मला दिसलं: “सकाळी ये. होडी भरून ठेव.”

मी पेन धरून तिच्याकडे पाहत राहिलो. तिने नवं कलम चार पुन्हा एकदा वाचून काढलं. मला वाटलं, आज काही पांढरा निघत नाही. मग तिने लाल टॉवेल काढला आणि पांढरा लावला. त्यानंतर मी सही केली.

साक्षीदार:
१. होडीवाला.
२. शिंपी. (चादरीबद्दल त्याने माफी मागितली. गरज नव्हती.)
खरी साक्षीदार पत्नीच, पण जिला मिळकत मिळते तिची साक्ष चालत नाही, असं वकीलसाहेब म्हणतात.

ठिकाण: शेडच्या मागची खोली, दार उघडं.
तारीख: आज रविवार, ओहोटी लागताना.

सही: मिस्त्री
(‘कानसेन’ हे नाव, माझ्या मरणाची वाट न पाहता, आजपासून पत्नीला दिलं आहे.)