फळ्याच्या कोपऱ्यातली शेपटी

सोमवार, ३ तारीख
आलो एकदाचे! झाडलोटीच्या कामासोबत खोली मिळालीय, प्रयोगशाळेला लागूनच, मध्ये फक्त एक दार. ऊन भरपूर, कपाट लोखंडी, मजबूत. पोरगी कुबडी टेकत सगळीकडे फिरून आली आणि म्हणाली, आई, इथे तरी टिक, कुणाशी भांडू नकोस. म्हटलं, माझ्या वाटेला कुणी गेलं नाही तर मी देवमाणूस आहे.
चौथी शिकलेय, पण रोज चार ओळी लिहिते. नाहीतर डोकं तापतं.

मंगळवार, ४
प्रयोगशाळेच्या मधोमध गोल हौद आहे, जमिनीत खोल बसवलेला. मोटारीवर फिरतो. पाणी सांडलं तर परत जावं म्हणून सगळ्या लादीला हौदाकडे उतार दिलाय, आमच्या खोलीतसुद्धा.
इथले सर म्हणाले, या हौदात अख्ख्या पृथ्वीचा समुद्र आणि वारा आहे. म्हटलं, मग डोंगर कुठेत? पाऊस? तर म्हणे सगळं धरलं तर गणित सुटत नाही. लहानसहान सोडून द्यायचं. फिरणं, पाण्याचा भार आणि घर्षण, एवढंच ठेवायचं. आणि माणसं? ती तर सगळ्यात आधी सोडली, म्हणे. म्हटलं, लादी पुसायला मग त्या घर्षणालाच बोलवा. सरांची मदतनीस खो खो हसली. ती अगदी काटकीसारखी आहे, हसताना मोडेल की काय वाटतं.
समोर लाकडी फळा, त्यावर कॅमेरा रोखलेला. सर खडूनं गणित लिहितात, यंत्र ते वाचतं आणि हौद तसा चालवतं. फळ्याला हात लावायचा नाही, असं मला तीनदा बजावलं. मी काय बहिरी आहे?

गुरुवार, ६
सगळी प्रयोगशाळा लख्ख केली. फळ्याला हात लावला नाही. फक्त खालच्या कोपऱ्यात, खडू ठेवायच्या फळीपाशी काहीतरी फरकाटे होते, ते ओल्या फडक्यानं पुसले. घाण मला बघवत नाही.

शुक्रवार, ७
सकाळी मोटार बंद केली तरी पाणी थांबेना. उलट जोर धरला. काटकीनं आतली तापमानाची नळी काढायला हात घातला. पाण्यानं तो धरला आणि पिळला, मी धुणं पिळते तसा. खांद्यापासून. मी तिला मागे ओढली. हात आला नाही.
गाडी येऊन तिला घेऊन गेली. मग सर फळ्याकडे बघत बसले. म्हणाले, ओळ मोठी झाली म्हणून तिची शेपटी मी कोपऱ्यात लिहिली होती. अंकुशासारखं अक्षर, त्याच्याआधी आडवी रेघ. अक्षर म्हणजे घर्षण, रेघ म्हणजे उणे. ते उणे म्हणजे पाण्याचा लगाम. तिथे अधिक असतं तर चाबूक झाला असता. कुणी पुसलं?
मी फडकं पदराआड लपवलं. जन्मात पहिल्यांदा.

शनिवार, ८
ग्लास हातात राहत नाही. चपला पायातून निसटतात. खिळे भिंतीतून आपोआप गळतायत. पोरगीची कुबडी सटकली, तोंडावर पडली बिचारी, दोन दात गेले. बाहेर जायला निघालो तर दाराची मूठ धरवेना. साबण धरल्यासारखी. सर म्हणाले, फळ्यावरचं घर्षण पुसलं, ते इथूनही गेलं.
सर शेपटी परत लिहायला गेले. खडू फळ्यावर उठेचना, नुसता सरकतो. पाय सटकला आणि ते उतारानं सरळ हौदात गेले. भिंतीवर आपटत तीन फेऱ्या. डोकं, प्रत्येक वेळी डोकं. चौथ्या फेरीला नुसते पाय आले.

रविवार, ९, सकाळ
पेन्सिल उठत नाही. सरांच्या शाईच्या पेनानं लिहितेय. वही पोटाखाली, पाय फळ्याजवळच्या पाइपात अडकवलाय.
पोरगीला लोखंडी कपाटात कोंबलंय. दोरी बांधली. गाठ राहत नाही. कपाटच सरकतंय — मधल्या दारातून इकडे, हौदाकडे —
पाणी भिंतीएवढं उभं राहिलंय. छताचा पत्रा सोलला. एक तुकडा माझ्या मांडीत.

रविवार, नंतर
कपाटातून ओरडून विचारते, आई, तू काय केलंस? सांगितलं. सगळं. तर म्हणते, मग रडतेस काय, भांडकुदळ बाई, लिही ना परत!
खडू नाही तर नाही. फळा लाकडी आहे. भाजीची सुरी आहे. कापलेलं पुसत नाही —
सुरी हाताला बांधली पदरानं. सुटली. दातात धरली.
अंकुश कोरला. वाकडा, पण झाला.

कपाट हौदापासून चार हातांवर.
सर म्हणाले होते माणसं सोडून द्यायची. माझी नाही. माझी नाही सोडायची —

आडवी रेघ कोरली. पुसट आहे. यंत्राला दिसत नाही. अजून एकदा, खोल —
टोक घसरलं. वरून खाली. रेघेला मधोमध चिरत —

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. वाचतोय.
तशी नाही. आडवीच आहे ती. उभी माझी चूक, उभी सोडून दे, लहान आहे ती, सोड —

पाणी वळलं. कपाटाचं दार उघ