रांगोळीवरून गेलेली चाकं

माधवगंज, ग्वाल्हेर

प्रिय तन्वी,

फोनवरच सांगितलं असतं, पण तू मध्येच "आजी, मीटिंग आहे" म्हणतेस आणि माझं तर तेव्हा कुठे सुरू होत असतं. म्हणून पेन घेतलं. अक्षर चालवून घे, माझी शाळा चौथीतच सुटली.

अगं, मंडळाच्या हॉलला उतार झाला! गेल्या गणपतीत तू दाराशी व्हीलचेअर थांबवून म्हणालीस, उचलून नेऊ नका, मी स्वतः आत जाईन, नाहीतर जाणारच नाही. अध्यक्ष विश्वासराव हसले, अगं चार पोरं आहेत ना उचलायला, तू तर आमची लाडकी! मग तू सोळा सालचा दिव्यांगांचा कायदा दाखवलास, दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज केलास. भोपाळहून नोटीस आली तसे सगळे ताठ बसले. पहिला उतार इतका उभा बांधला की बकरीसुद्धा घसरली असती. तू कळवलंस, एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. मग काय, फोडून नवा करायला लावला. मी रोज दुपारी तिथे खुर्ची टाकून बसायचे. इकडे कढी उतू गेली, पण मिस्त्रीला हलू दिलं नाही.

उद्घाटनाला तर कमालच. लीलाताईंनी अख्ख्या उतारावर मोरांची रांगोळी घातली आणि येईल त्याला ओरडायच्या, पायऱ्यांनी जा, रांगोळी पुसेल! तेवढ्यात थाटीपूरचे सूर्याजी आले. फौजेत पाय गेल्यापासून बिचारे बाहेरूनच आरती ऐकून परत जायचे. चेअर सरळ उताराला लावली आणि म्हणाले, "काकी, हटिए, रास्ता है, फोटो थोड़े ही है." आणि मोरावरून गेले की गं वर! हॉलभर गुलाबी-हिरव्या दोन रेघा, थेट गणपतीपर्यंत. लीलाताईंचं तोंड एवढंसं झालं, मग त्यांनीच पहिली टाळी वाजवली. विश्वासराव आता गावभर सांगतात, उताराची कल्पना आमचीच!

आता खरं ते लिहिते. तू आणि राघव पुण्यात नुसत्या सह्या करून लग्न उरकणार, कारण सामानासारखं कुणी उचलून मांडवात नेलेलं तुला नको, हे तुझ्या आईकडून कळलं होतं. मागशीरातली तारीख मी हॉलवर धरून ठेवायला सांगितली आहे. नको असेल तर सरळ नाही म्हण, लग्न तुझं आहे. पण ये गं. नवरीला मामा मांडवात आणतो, तोही येईल, मात्र शेजारून चालत. हात लावायचा नाही, असं मी त्याला बजावलंय.

तुझीच,
वनमालाआजी