घरटी एक

धाकटी खार,
ज्येष्ठ वद्य ४, शके १८५१

चि. रावजीस,
राहीअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे आई व मी सुखरूप आहोत. तूही असशील असे धरून चालते, कारण महिनाभर तुझे पत्र नाही. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांचा मजकूर जुळवतोस, मग स्वतःच्या चार ओळी जुळवायला बोटे दुखतात काय? भाताचे आवण तरारले आहे, रोपे लावणीजोगी होत आली. म्हैस व्याली, पारडी झाली. तिचे नाव ठेवायचे काम आईने तुझ्यासाठी राखून ठेवले आहे.

आता कामाचे. परवा येसाजीतात्या ओटीवर येऊन बसले. बांधाचे पुढारी तेच, आणि त्यांनी चहा घेतला नाही तेव्हाच मी ओळखले. पावसाळ्यात दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला घरटी एक गडी दर्याचे पाणी अडवणाऱ्या बांधावर उभा राहिला पाहिजे, हा आपल्या खारजमिनीचा नेम तुला ठाऊक आहे. बाबा होते तोवर, म्हणजे गेल्या पावसाळ्यापर्यंत, आपले घर कधी चुकले नाही. यंदा दोन उधाणे गेली आणि आपली जागा रिकामी राहिली. तिसरे चुकले तर घर वाळीत पडेल, असे तात्यांनी खाली बघत सांगितले. म्हणजे बांधाच्या पाणदाराशी, उघाडीत, सापडणाऱ्या मासळीत वाटा नाही, लावणीला कोणाचा हात नाही, आणि आईच्या दारात कोणी पाऊल टाकायचे नाही.

ज्येष्ठी अमावास्येला येऊन जा. आई रडत नाही, पण दोन दिवस भाकरी करपवते आहे.

लोभ आहे, तो पावसात भिजू देऊ नये.
तुझी,
राहीअक्का

मुंबई,
ता. १ जुलै १९२९

ती. अक्काच्या चरणी,
रावजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. पारडीचे नाव चंद्री ठेवावे.

अक्का, मी माणूस आहे, बांधातला दगड नव्हे. दोन वर्षे शाई धुण्यात गेली, आता कुठे मालकांनी मला खिळे जुळवायला बसवले. हल्ली शाळेच्या पुस्तकांची घाई आहे. रेवसची बोट पावसाळ्यात बंद, म्हणजे पनवेल-पेणच्या चिखलातून दोन दिवस यायचे आणि दोन दिवस जायचे. दर पंधरवड्याला चार दिवस गैरहजर राहणारा जुळारी कोणता मालक ठेवील? मला हे काम आवडते. आपल्या आवडीचे काम करण्याचा माणसाला काहीच हक्क नाही काय? माझ्या जागी एखादा बदली गडी लावा. तेही चालत नसेल तर खुशाल वाळीत टाका म्हणावे. पन्नास घरांनी मिळून एका माणसाचा गळा आवळायचा, याला मी नेम म्हणत नाही.

आईला वाचून दाखवताना एवढा भाग गाळावा. तिला माझा दंडवत.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा,
रावजी

धाकटी खार,
आषाढ शुद्ध ३

चि. रावजीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आईला सगळे वाचून दाखवले. गाळणारी मी कोण? ती एवढेच म्हणाली, की पोर खरे बोलतो, पण खारे पाणी कोणाचे ऐकत नाही.

मी तात्यांकडे बदली गड्याचे विचारले. त्यांनी नकार दिला आणि कारणही सांगितले. त्यांच्या लहानपणी दोन घरांनी असेच परके गडी लावले होते. पाणी चढले तसे ते पळाले. त्यांची इथे ना जमीन, ना पोरेबाळे. बांधाला खांड पडली आणि तीन वर्षे कोणाच्या शेतात भाताची काडी उगवली नाही. तात्यांची धाकटी बहीण त्या भुकेत गेली. हे ऐकून मला तुझ्यासारखे बोलवेना. पण तुला ओढून आणावे असेही वाटेना.

म्हणून अमावास्येला बाबांचे फावडे घेऊन मीच आपल्या जागेवर जाऊन उभी राहिले.

माणसे हसली. शेजारच्या जागेवरचा बाळाजी म्हणाला, इथं बाईमाणसाचं काय काम हाय, नेम गड्याचा हाय. मी म्हटले, उन्हाळ्यात याच बांधावर चिखलाची घमेली बायकाच वाहतात, तेव्हा नेम कुठे असतो? मग दुसरा कोणी म्हणाला, की नवरा वारल्यावर माहेरी परतलेली बाई या घरची मोजायचीच कशी. हे मात्र मला लागले. फावडे चिखलात रोवून तशीच उभी राहिले. तात्या म्हणाले, वाद मागाहून, आधी पाणी बघा.

दुपारी भरती टम्म भरली. वाराही दर्याकडून होता. माझ्या पायाजवळ आतल्या अंगाने खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपू लागले, आणि बघता बघता मनगटाएवढी धार झाली. मी पेंढा कोंबून वर बसले आणि ओरडले. सगळ्यात आधी धावला तो बाळाजीच. त्याने आणि मी मिळून चिखल चेपला, बाकीच्यांनी घमेली पुरवली. तासाभराने पाणी फिरले. भीती वाटली का असे विचारू नकोस. मांड्या अजून दुखतात.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात बैठक झाली. पुष्कळ बोलणे झाले, सगळे लिहीत नाही. तात्यांनी शेवटी विचारले, की आज त्या घराची हजेरी लागली की नाही, एवढेच सांगा. बाळाजीच म्हणाला, लागली. त्यावर ठरले ते असे: घरटी एक, पण फावडे पेलणारे कोणीही, बाप्या असो की बाई. परका बदली मात्र चालणार नाही. तो नेम तसाच राहिला, आणि मलाही तो पटतो.

तू सुटलास. पण फुकट नाही. आजवर हा नेम कोणी लिहिलेला नाही, म्हणून जो तो आपल्या सोयीचा सांगतो. तात्या म्हणतात, रावजीला छापून द्यायला सांग.

आई खूश आहे. लोभाचे माप भरलेले असू दे.
तुझी,
राहीअक्का

मुंबई,
ता. २४ जुलै १९२९

ती. अक्काच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मी तीनदा वाचले. मी इथे सावलीत बसून हक्काच्या गोष्टी लिहीत होतो आणि तू पाण्याच्या धारेवर बसली होतीस. लाज वाटली. पण काम सोडून आलो असतो तर तुझ्यावर राग धरला असता, हेही खरे आहे.

मालकांनी सुट्टीच्या दिवशी यंत्र वापरू दिले. साठ कागद सोबत पाठवतो. गडी हा शब्द काढल्यावर त्या जागी काय घालावे याने माझी अर्धी सकाळ खाल्ली. शेवटी ‘इसम, पुरुष अथवा स्त्री’ असे घातले. एक कलम मी माझ्या मनाने जोडले आहे, तात्यांना पसंत पडले तर राहू द्यावे: जे पोटासाठी मुंबईस आहेत त्यांनी माघात, बोट चालू असते तेव्हा, आठ दिवस बांधाच्या डागडुजीस यावे. खाली पहिले नाव माझे आहे. मालकांशी बोलून ठेवले आहे.

घरांच्या यादीत आपल्या घरापुढे बाबांचे नाव घालू, की माझे, हे तुला विचारायला वेळ नव्हता. तुझे घातले.

तुझा हात पाठीवर असू दे.
रावजी

धाकटी खार,
श्रावण वद्य २

चि. रावजीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कागद मिळाले. तुझे कलम तात्यांना पसंत पडले. एक कागद देवळात डकवला आहे. वाचता येते ते वाचतात, न येणारेही हात मागे बांधून पुढे उभे राहतात. लावणी आटोपली. चंद्री दावे तोडून दोनदा मळ्यात गेली, नाव तू ठेवलेस म्हणून असेल.

नारळी पौर्णिमेला रेवदंड्याच्या माझ्या मैत्रिणीने, केसरने, मला सणाला बोलावले होते. मला जायचे फार होते. पण पौर्णिमा म्हणजे उधाण. तात्या आपणहून म्हणाले, की बाईमाणूस आहेस, एक दिवस गेलीस तर कोणी बोलणार नाही. मी नको म्हटले. आज मला बाई म्हणून सोडले तर उद्या बाई म्हणूनच अडवतील. मनातून मात्र चडफडत होते, खोटे कशाला सांगू. चिखलात पाय खाजत होते आणि केसरच्या घरचा नारळीभात डोळ्यांपुढे येत होता.

बाळाजी तापाने पडला आहे. त्याच्या जागी त्याची बायको कोकिळा फावडे घेऊन आली. कोणी हसले नाही.

पाणी बांधाच्या गळ्यापर्यंत आले आणि फिरले. बाहेर सगळा राखी दर्या, आत सगळे हिरवे भात, मध्ये आम्ही पन्नास जणे. तात्यांनी सर्वांना मोकळे केले. लोक घरोघर गेले. मी मात्र बांधावर बसून राहिले. आता कोणाचा नेम नव्हता. मला तिथे बसावेसे वाटले म्हणून.

माया आहे तशी राहो.
तुझी,
राहीअक्का