हिरव्या खुर्चीपायी गेलेलं नाटक

प्रिय वन्सं,

वयाने धाकट्या असलात तरी मानाने मोठ्या, म्हणून आधी नमस्कार आणि लगोलग तुमच्या प्रतापाबद्दल कानउघाडणी. तब्येत ठणठणीत असेलच. इकडे तुमच्या दादांचं अन्नावरचं मन उडालं होतं, आता पूर्ववत आहे (काल दोनदा वाढून घेतलं).

तर तुम्ही मला टायपिंगसाठी तो बिनमाऊसचा एडिटर कॉम्प्युटरवर घालून दिलात. म्हणालात, वहिनी, कर्सर कंसात न्या, तीन कळा दाबा, कंसाच्या जोडीमधला सगळा मजकूर निवडला जातो, मग पुसा नाहीतर बदला. मला तर वेडच लागलं! दादांचं नाटक मीच टाइप करते, आणि नाटकात कंसांना काय तोटा? (दचकून.) (खिडकीकडे जात.) (पत्नी चहा ठेवून आत जाते.) एकेक निवडत बसायची मी, पुसायचं काही नसतानाही, नुसती हौस.

मग नाटकमंडळींचा निरोप आला, हिरवी खुर्ची मिळत नाही, लाल चालेल का? ही खुर्ची अगदी पहिल्या कंसात, पडदा उघडतो तिथे. म्हटलं, सगळं वर्णनच नव्याने लिहू. ऐटीत कळा दाबल्या आणि पुसलं. अगंबाई! स्क्रीनवर नाटकाचं नाव, एक रिकामा कंस आणि खाली लेखकाचं नाव. तिन्ही अंक गडप!

झालं होतं असं, की तो पहिला कंस दादांनी उघडला तो मिटलाच नाही (कपाटाचं दार, पेस्टचं टोपण, आमचं भांडण, त्यांनी आजवर मिटवलंय काय?). मधले सगळे कंस आपापल्या जोडीदाराशी सुखात, आणि अगदी शेवटी, पडदा पडल्यावर, एक मिटता कंस चुकून एकटाच उभा. तुमच्या प्रामाणिक एडिटरने या दोघांची गाठ घालून दिली आणि मधलं सगळं माझ्या हातून गेलं.

दादा आधी स्टुलावर बसले, मग जमिनीवर. प्रयोग तोंडावर आलेला. शेवटी आठवून आठवून सांगायला लागले आणि मी माझ्या जुन्या, माऊसवाल्या प्रोग्राममध्ये टाइप करायला. वन्सं, काय मजा येतेय म्हणून सांगू! भांडी विसळता विसळता हे खलनायक होतात, मी हसून हसून टेबलावर डोकं टेकते. लग्न ठरल्यावरसुद्धा आम्ही इतकं बोललो नव्हतो हो! अडलं की मलाच विचारतात, "पुढे काय होतं गं?" मग मी सांगते.

तुमची,
वहिनी

ता. क. रविवारी तुम्ही येताय. त्या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं हे शिकवायला तुम्ही विसरलात, म्हणून तो अजून तसाच उघडा आहे. परवा चुकून माझं बोट 'यू'च्या कळीवर पडलं आणि अख्खं नाटक जसंच्या तसं परत आलं! लगेच पुन्हा पुसलं. त्या जुन्या नाटकात ती पत्नी तिन्ही अंक नुसती कंसातच होती हो, बोलायला एक वाक्य नाही. तेव्हा दादांनी विचारलं तर तोंड पाडून "गेलं ते गेलं" एवढंच म्हणा. पाया पडते तुमच्या.

आणखी एक. आता तिसऱ्या अंकात ती चहाबिहा न ठेवता नवऱ्यासमोर उभी राहून चांगली पानभर बोलते. काल दादांनी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. मग म्हणाले, "हे मी लिहिलं होतं?"

मी म्हटलं, "मग काय तर!"